सेनासाहेबसुभा रघूजी भोसले : जीवन आणि कुटुंब

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला
• नागपूरकर भोसले घराण्याचा उदय कसा झाला, हे सांगता येईल.
• रघूजी भोसले यांच्या राजकारणातील महत्त्वाचे टप्पे स्पष्ट करता येतील.
• अठराव्या शतकातील घराणे, पदवी आणि वारसा यांचे परस्परसंबंध उलगडता येतील.
• चरित्रलेखनात घटना, परंपरा आणि मूल्यमापन यांच्यात भेद कसा करावा, हे जाणून घेता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण चरित्र या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप पाहिले. चरित्र म्हणजे केवळ जन्म, पराक्रम आणि मृत्यू यांची नोंद नव्हे. ती व्यक्ती ज्या घरात वाढली, ज्या नात्यांनी बांधली गेली आणि मागे जे घर ठेवून गेली, त्या सर्वांचा विचार चरित्रकाराला करावा लागतो. विशेषतः अठराव्या शतकातील राजकारणी पुरुषाचे चरित्र लिहिताना घर आणि दरबार हे दोन वेगळे कप्पे करता येत नाहीत. त्या काळी राज्य हेच एका अर्थाने मोठे घर होते, आणि घरातील तंटा पाहता पाहता राज्याचा तंटा होत असे.

या घटकासाठी आपण नागपूरकर भोसले घराण्याचे पहिले रघूजी यांचे जीवन निवडले आहे. पूर्व विदर्भातील विद्यार्थ्यांना हा विषय जवळचा वाटेल. तुम्ही गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध परिसरात राहत असाल, तर तेथील विस्तीर्ण तलाव तुमच्या परिचयाचा असेलच. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी तो बांधला, अशी त्या भागातील परंपरा आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील गावोगावी कोहळी पाटील डोंगरांच्या कुशीत पाणी अडवीत होते, त्याच काळात या मुलुखाची सत्ता गोंड राजांकडून भोसल्यांकडे जात होती. हे सत्तांतर ज्यांच्या हातून घडले, ते रघूजी भोसले.

रघूजींच्या आयुष्यात एक सूत्र सतत दिसते. त्यांचा उदय चुलत्याशी झालेल्या वारसातंट्यातून झाला. त्यांना नागपूर मिळाले, ते दोन गोंड राजपुत्रांच्या घरातील तंट्यात मध्यस्थी केल्यामुळे. आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या चार मुलांत जो तंटा उद्भवला, त्यात मध्यस्थीचा लाभ दुसऱ्याने घेतला. हे सूत्र मनात ठेवून पुढील विवेचन वाचावे.

२. घराणे आणि बालपण

नागपूरकर भोसल्यांचे मूळ पुणे प्रांतातील हिंगणी-बेर्डीचे. म्हणून त्यांना हिंगणीकर भोसले असेही म्हणतात. या घराण्यातील परसोजी भोसले यांनी वऱ्हाडात स्वाऱ्या करून आपला जम बसवला होता. १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेकडे येऊ लागले, तेव्हा त्यांना प्रारंभीच जाऊन मिळालेल्या सरदारांत परसोजी होते. ताराबाईंच्या पक्षाने शाहू हे खरे शाहू नव्हेत, तोतया आहेत, असा प्रवाद उठवला होता. परसोजींनी शाहूंबरोबर एका ताटात भोजन करून त्या प्रवादाला उत्तर दिले, अशी परंपरागत कथा आहे. कथेचा तपशील बाजूला ठेवला, तरी त्यामागील अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. राजाची ओळख पटवण्याचे सर्वांत बळकट प्रमाण म्हणजे भाऊबंदाने केलेला सहभोजनाचा स्वीकार, असे त्या समाजाला वाटत होते.

शाहूंनी परसोजींना सेनासाहेबसुभा ही पदवी दिली. भाषेचे विद्यार्थी म्हणून या शब्दाकडे क्षणभर पाहा. सेना हा संस्कृत शब्द, तर साहेब आणि सुभा हे अरबीतून फारसीमार्गे मराठीत रुळलेले शब्द. तीन शब्दांच्या या सामासिक पदवीत मराठी सत्तेची त्या काळची घडण एकवटली आहे. परंपरा स्वराज्याची, व्यवहार मोगली कारभाराच्या परिभाषेचा आणि उच्चार मात्र अस्सल मराठी. पुढे सुमारे दीडशे वर्षे ही पदवी या घराण्याचे वैभव आणि क्लेश, दोन्हींचे कारण ठरली.

परसोजींनंतर हे पद कान्होजी भोसले यांच्याकडे आले. आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील भांब हे त्यांचे ठाणे होते. रघूजी हे याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील बिंबाजी यांचे पुत्र. नात्याने कान्होजी त्यांचे चुलते. बिंबाजींना दीर्घकाळ अपत्य नव्हते. वाईजवळच्या पांडववाडीतील रामभक्त रामाजीपंत कोल्हटकर यांच्या आशीर्वादाने पुत्र झाला आणि म्हणून त्याचे नाव रामाच्या नावावरून रघूजी ठेवले, असे सांगितले जाते. रघूजी लहान असतानाच पितृछत्र हरपले, आणि आई व आजी यांनी त्यांना वाढवले. पुढे ज्या भास्करराम कोल्हटकरांनी रघूजींची फौज बंगालपर्यंत नेली, ते याच कोल्हटकर घराण्यातील. या स्नेहाचे मूळ बालपणात आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे भास्कररामांच्या मृत्यूचा आघात रघूजींना का सोसवला नाही, ते कळते.

३. चुलता आणि पुतण्या

कान्होजींना मुलगा नव्हता. त्यांनी पुतण्याला भांबला बोलावून घेतले आणि आपल्यामागे सर्व काही त्याचेच, अशी आशा दाखवली. काही काळाने कान्होजींना पुत्र झाला, आणि घरातील वारे फिरले. ज्याला वारस मानले होते, तो एकाएकी परका ठरला. तुमच्यापैकी अनेकांनी आपल्या गावात, कदाचित आपल्याच घराण्यात, अशी प्रकरणे पाहिली असतील. शेताच्या बांधावरून जे होते, तेच येथे एका प्रांताच्या चौथाईवरून झाले.

रघूजी भांब सोडून निघाले. काही काळ त्यांनी देवगडचे गोंड राजे चांदसुलतान यांच्याकडे आणि एलिचपूरच्या नवाबाकडे आश्रय घेतला. देवगडच्या वास्तव्यात तेथील घराची, माणसांची आणि मुलुखाची झालेली ओळख पुढे त्यांच्या उपयोगी पडली. त्यानंतर ते साताऱ्यास शाहू महाराजांकडे गेले. तेथे शिकारीतील धाडसामुळे त्यांनी महाराजांची मर्जी संपादन केली, असे बखरकार सांगतात. शाहूंनी आपल्या राणीच्या नात्यातील मुलीशी त्यांचा विवाह करून दिला. अशा रीतीने पोरका पुतण्या छत्रपतींचा आप्त झाला.

दरम्यान कान्होजींचे साताऱ्याशी संबंध बिघडले होते. शाहूंनी त्यांचे पारिपत्य करण्याची कामगिरी रघूजींवरच सोपवली. १७३० च्या सुमारास वणीजवळील मंदर येथे कान्होजींचा पराभव झाला. त्यांना साताऱ्यास नेऊन नजरकैदेत ठेवण्यात आले, आणि कैदेतच त्यांचा अंत झाला. सेनासाहेबसुभा ही पदवी रघूजींना मिळाली.

या घटनेचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजू पाहाव्यात. रघूजींवर अन्याय झाला होता, हे खरे. पण त्या अन्यायाचे निवारण घरात झाले नाही. ते साताऱ्याच्या दरबारात झाले, आणि त्याची किंमत चुलत्याने कैदेत मरून चुकवली. पदवी कोणाला द्यायची, हे ठरवणारा हात घराबाहेरचा आहे, हा धडा भोसले घराण्याने येथे प्रथम गिरवला.

४. देवगडचे दोन भाऊ आणि नागपूर

सातपुड्यातील देवगड हे गोंड राज्याचे मूळ स्थान. तेथील बख्तबुलंदशहा यांनी १७०२ मध्ये बारा वस्त्या एकत्र करून नागपूर वसवले. त्यांचे पुत्र चांदसुलतान यांनी राजधानी नागपूरला आणली, शहराला तट बांधला आणि जुम्मा तलाव करवला. तोच आजचा गांधीसागर. म्हणजे नागपूर ही भोसल्यांची निर्मिती नव्हे. भोसले तेथे आले तेव्हा ते गोंड राजांनी वसवलेले नांदते शहर होते. ही गोष्ट स्थानिक इतिहास सांगताना अनेकदा निसटते, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवली आहे.

१७३८ च्या सुमारास चांदसुलतान वारले आणि वारसातंटा सुरू झाला. बख्तबुलंदशहा यांचे अनौरस पुत्र वलीशहा यांनी चांदसुलतानांच्या ज्येष्ठ पुत्राला ठार करून गादी बळकावली. विधवा राणी रतनकुंवर यांना बुऱ्हाणशहा आणि अकबरशहा ही आपली दोन मुले वाचवायची होती. त्यांनी रघूजींना साहाय्यास बोलावले. वैनगंगेच्या काठी पवनी आणि भंडारा भागात मोहीम झाली, वलीशहा पकडले गेले आणि दोघे राजपुत्र गादीवर आले. राणीने रघूजींना तिसरा पुत्र मानून राज्याचा तिसरा हिस्सा दिला, असे सांगितले जाते. मानलेल्या नात्याला येथे मुलुखाचा आकार आला.

पुढे या दोघा भावांत बेबनाव झाला. रघूजी पुन्हा मध्यस्थ झाले आणि त्यांनी बुऱ्हाणशहा यांचा पक्ष घेतला. अकबरशहा निजामाच्या राज्यात निघून गेले. १७४३ च्या सुमारास रघूजींनी नागपूर हे आपले मुख्य ठाणे केले. बुऱ्हाणशहा यांना नेमणूक करून देण्यात आली. राजा हा त्यांचा मान कायम राहिला आणि कारभार भोसल्यांचा झाला. भोसले घराण्यातील नव्या पुरुषास गोंड राजाने टिळा लावण्याची प्रथा पुढेही चालू राहिली. सत्ता घेताना जुन्या राजाचा मान पुसून न टाकण्याचा हा विवेक रघूजींच्या राजकारणाचे वैशिष्ट्य मानावा लागेल. अर्थात तो विवेक होता, तसाच व्यवहारही होता. गोंड मुलुखात गोंड राजाच्या संमतीवाचून राज्य करणे सोपे नव्हते.

पुढे १७५१ च्या सुमारास चांद्याचे गोंड राज्यही भोसल्यांकडे आले. अशा प्रकारे वैनगंगा आणि वर्धा या नद्यांच्या खोऱ्यांतील बहुतेक मुलूख त्यांच्या अमलाखाली आला. मात्र गावपातळीवरची पाटिलकी, तलावाच्या पाण्याचे वाटे आणि धानशेतीची घडी स्थानिक समाजांच्या हाती होती. ही व्यवस्था नंतर इंग्रजी अमदानीत मालगुजारीत बांधली गेली. पूर्व विदर्भात आज ज्यांना मामा तलाव म्हणतात, ते नाव माजी मालगुजारी तलाव या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले आहे, हे तुम्ही ऐकले असेल. राजे बदलले तरी पाण्याचे वाटे सांभाळणारी माणसे तीच राहिली.

५. कर्नाटक, बंगाल आणि पेशवे

१७४० मध्ये शाहूंच्या आज्ञेने रघूजी आणि फत्तेसिंग भोसले कर्नाटकच्या स्वारीवर गेले. दामलचेरीच्या खिंडीत अर्काटचे नवाब दोस्तअली मारले गेले. मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडली, आणि दोस्तअलींचे जावई चंदासाहेब कैद होऊन साताऱ्यास आले. या स्वारीत नवाबाच्या कुटुंबाला पाँडिचेरीच्या फ्रेंचांनी आश्रय दिला होता. रघूजींनी त्यांना स्वाधीन करण्याची मागणी केली, तेव्हा फ्रेंच गव्हर्नर द्युमा यांनी नकार दिला, पण भेटीदाखल उंची मद्याच्या बाटल्या पाठवल्या. त्या रघूजींच्या पत्नीला इतक्या आवडल्या की आणखी मागवाव्या लागल्या आणि तणाव निवळला, अशी गोष्ट फ्रेंचांच्या इतिहासात येते. ती गोष्ट हलकीफुलकी असली, तरी मोहिमेवर कुटुंब बरोबर असे आणि छावणी हे चालते घर असे, एवढे त्यातून निश्चित दिसते.

याच सुमारास थोरले बाजीराव वारले. पेशवेपद त्यांच्या पुत्राला न देता बाबूजी नाईक बारामतीकर यांना द्यावे, असा रघूजींचा प्रयत्न होता. तो फसला आणि बाळाजी बाजीराव, म्हणजे नानासाहेब, पेशवे झाले. येथून भोसले आणि पेशवे यांच्यातील वैर उघड झाले.

रघूजींनी दृष्टी पूर्वेकडे वळवली. १७४२ मध्ये भास्करराम कोल्हटकर फौजेसह बंगालमध्ये उतरले. मीर हबीब हा तेथील जाणता मुत्सद्दी त्यांना येऊन मिळाला. पुढील वर्षी रघूजी स्वतः आले, तेव्हा एक विलक्षण प्रसंग घडला. बंगालचे नवाब अलीवर्दीखान यांच्या रक्षणासाठी पेशवेच फौज घेऊन आले. त्यांनी नवाबाकडून बावीस लक्ष रुपये घेतले आणि रघूजींच्या सैन्याला मागे रेटले. एका छत्रपतीचे दोन सेवक परमुलुखात एकमेकांविरुद्ध उभे राहिले. ऑगस्ट १७४३ मध्ये शाहूंनी दोघांना साताऱ्यास बोलावून प्रदेश वाटून दिले आणि बंगाल-ओरिसाकडील हक्क रघूजींकडे ठेवला. घरातील थोरल्याने भावांची वाटणी करून द्यावी, तसाच हा निवाडा होता.

३१ मार्च १७४४ रोजी मानकरा येथे अलीवर्दीखान यांनी भास्कररामांना तहाच्या बोलणीसाठी बोलावले आणि वीसहून अधिक सरदारांसह तंबूतच त्यांची हत्या करवली. रघूजींनी त्याचा सूड म्हणून पुन्हा स्वारी केली. कटक हाती आले, आणि युद्ध आणखी काही वर्षे चालले. अखेर १७५१ मध्ये तह झाला. सुवर्णरेखा नदीपर्यंतचा ओरिसा भोसल्यांच्या ताब्यात आला, आणि बंगालची चौथाई म्हणून दरसाल बारा लक्ष रुपये देण्याचे नवाबाने मान्य केले.

विद्यार्थी मित्रहो, या विजयाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय चरित्र पूर्ण होत नाही. बंगालमध्ये या फौजेला बर्गी म्हणत. हा शब्द आपल्या बारगीर या शब्दाचे रूप आहे. ज्याला घोडा आणि शस्त्र सरकारातून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार. मराठीत बारगीर हा केवळ सैनिकाचा एक प्रकार. बंगालीत मात्र त्या शब्दाला जाळपोळ, लूट आणि पळापळ यांचा अर्थ चिकटला. तेथील अंगाईगीतांत मुलाला निजवताना बर्गींची भीती आजही डोकावते. गंगाराम या बंगाली कवीने त्याच काळात महाराष्ट्र पुराण या काव्यात सामान्य रयतेचे हाल वर्णिले आहेत. एका भाषेतील अभिमानाचा शब्द दुसऱ्या भाषेत भयाचा शब्द होतो, तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकाने दोन्ही अर्थ नोंदवले पाहिजेत. नागपुरात आलेल्या संपत्तीचा उगम बर्दवान आणि कटकच्या खेड्यांतही होता, हे आपण विसरू नये.

६. चार मुलगे आणि एक पदवी

डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तले. त्यांना पुत्र नव्हता. रघूजींच्या एका मुलाला दत्तक घ्यावे, असा विचारही मध्यंतरी साताऱ्यात झाला होता. पण अखेरीस ताराबाईंनी पुढे आणलेले रामराजे गादीवर आले. रघूजींनी या वेळी जुने वैर ताणले नाही. पेशव्यांचे वर्चस्व त्यांनी मान्य केले आणि आपला पूर्वेकडील मुलूख सांभाळला.

१४ फेब्रुवारी १७५५ रोजी नागपूर येथे रघूजींचा मृत्यू झाला. त्यांना जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी असे चार पुत्र होते. जानोजी वयाने ज्येष्ठ होते, पण ते धाकट्या राणीचे पुत्र. मुधोजी वयाने लहान, पण थोरल्या राणीचे. मग ज्येष्ठ कोण? वयाने मोठा तो, की मोठ्या राणीचा तो? या प्रश्नाला त्या काळी सर्वमान्य उत्तर नव्हते.

येथे त्या व्यवस्थेचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. त्या काळी मिळकतीचे दोन प्रकार होते. पाटिलकी, देशमुखी यांसारखे वतन वंशपरंपरागत असे आणि त्याची भावांत वाटणी होई. सरंजाम आणि पदवी मात्र तत्त्वतः छत्रपतींच्या इच्छेवर असत. धनी मेला की वारसाने नवी सनद घ्यावी आणि त्यासाठी नजराणा भरावा, अशी रीत होती. म्हणजे मुलूख वाटता येई, पण पदवी वाटता येत नसे. आणि पदवी देण्याचा अधिकार घराबाहेर असे. एका घरात दोन दावेदार असले, की सनद देणाऱ्याचा लाभ दुप्पट होई. शाहूंनंतर हा अधिकार व्यवहारात पेशव्यांकडे गेला होता.

झालेही तसेच. जानोजी आणि मुधोजी दोघांनी पुण्याकडे धाव घेतली. पेशव्यांनी नजराणा घेऊन जानोजींना सेनासाहेबसुभा केले, आणि मुधोजींना सेनाधुरंधर ही नवी पदवी व चांद्याचा मुलूख दिला. साबाजींकडे वऱ्हाडातील दारव्हा आणि बिंबाजींकडे छत्तीसगड आले. बिंबाजी रतनपुरास जाऊन राहिले आणि १७८७ मध्ये मृत्यू होईपर्यंत तेथे शांतपणे राज्य केले. चौघांपैकी ज्याने नागपूरच्या तंट्यापासून स्वतःला दूर ठेवले, त्याच्याच वाट्याला स्थैर्य आले.

जानोजी कधी निजामाच्या, तर कधी पेशव्यांच्या बाजूस झुकले. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले, तेव्हा ते निजामाबरोबर होते. राक्षसभुवनच्या लढाईपूर्वी ते पेशव्यांकडे वळले. त्याबद्दल मिळालेल्या बत्तीस लक्षांच्या मुलुखापैकी चोवीस लक्षांचा मुलूख थोरल्या माधवरावांनी १७६६ मध्ये परत घेतला, आणि १७६९ च्या कनकापूरच्या तहाने त्यांना पूर्णपणे बांधून टाकले.

जानोजींनाही पुत्र नव्हता. मुधोजींचा मुलगा रघूजी याला दत्तक घ्यावे, असे त्यांच्या मनात होते. मे १७७२ मध्ये ते वारले. त्यांच्या विधवा पत्नी दर्याबाई यांनी साबाजींचा पक्ष घेतला. पुणे दरबारातील फळ्यांप्रमाणे पदवी कधी एकाकडे, तर कधी दुसऱ्याकडे जाऊ लागली. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरच्या दक्षिणेस पाचगाव येथे दोघे भाऊ समोरासमोर आले. मुधोजी अडचणीत सापडले होते. साबाजींनी आपला हत्ती त्यांच्या हत्तीला भिडवला आणि शरण येण्यास सांगितले. मुधोजींनी पिस्तूल झाडले, आणि भावाच्या हातून भाऊ पडला. रघूजींना जाऊन तेव्हा अवघी वीस वर्षे झाली होती.

भाऊबंद म्हणजे एका कुळातील आप्त. त्या शब्दाला -की हा प्रत्यय लागून भाऊबंदकी हे भाववाचक नाम सिद्ध झाले. व्युत्पत्तीने त्याचा अर्थ आप्तभाव असा व्हावा. पण मराठी माणसाने तो वारसाहक्काच्या वैरासाठी राखून ठेवला. पाचगावची लढाई हे त्या अर्थांतराचे इतिहासातील ठळक उदाहरण आहे.

७. पुढील पिढ्या

साबाजींनंतर दुसरे रघूजी सेनासाहेबसुभा झाले आणि १७८८ पर्यंत मुधोजींनी त्यांच्या नावे कारभार पाहिला. १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड हातून गेले. १८१६ मध्ये दुसरे रघूजी वारले. त्यांचे दुर्बल पुत्र परसोजी यांचा पुढच्याच वर्षी अप्पासाहेब या चुलतभावाने घात केला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत अप्पासाहेबांच्या फौजेचा इंग्रजांकडून पराभव झाला. इंग्रजांनी अल्पवयीन तिसऱ्या रघूजींना गादीवर बसवले, आणि दुसऱ्या रघूजींच्या विधवा पत्नी बांकाबाई यांनी त्यांचा सांभाळ केला. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ मध्ये राज्य खालसा केले, आणि राजवाड्यातील चीजवस्तू लिलावात निघाल्या.

क्रम ध्यानात घ्या. सनद देणारा प्रथम सातारा होता, नंतर पुणे झाला आणि शेवटी कलकत्ता. पहिल्या दोघांनी वारस ठरवताना नजराणा घेतला. तिसऱ्याने वारसच नाही असे ठरवून राज्यच घेतले.

२०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनमधील लिलावातून रघूजींच्या नावाची एक तलवार मिळवून भारतात आणली. तिचे पाते युरोपीय घडणीचे, म्हणजे फिरंग जातीचे आहे, आणि त्यावर देवनागरीत रघूजींचे नाव व सेनासाहेबसुभा ही पदवी सोन्याने अंकित केली आहे. ज्या पदवीसाठी भावाने भावावर पिस्तूल झाडले, ती पदवी आज वस्तुसंग्रहाच्या नोंदीत आहे.

८. समारोप

रघूजी भोसले हे कर्तृत्ववान सेनानी आणि चतुर राजकारणी होते. पोरकेपणातून वर येऊन त्यांनी वर्धा-वैनगंगेपासून ओरिसाच्या किनाऱ्यापर्यंत सत्ता पसरवली, गोंड राजांचा मान राखला, रामटेकच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि नागपूरला पूर्वेकडील मराठी सत्तेचे केंद्र बनवले. पूर्व विदर्भात मराठी ही कारभाराची भाषा म्हणून स्थिरावण्यास या सत्तेचा मोठा हातभार लागला. त्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांनी सामान्य माणसांवर जे संकट आणले, तेही त्यांच्याच खाती जमा होते.

वारसातंट्यात तिसरा मनुष्य कसा शिरतो, हे रघूजींइतके त्या काळी क्वचितच कोणाला ठाऊक असेल. चुलत्याच्या घरात त्यांनी ते भोगले, देवगडच्या घरात त्यांनी ते वापरले. तरीही स्वतःच्या घरासाठी त्यांना वेगळी वाट काढता आली नाही. हा केवळ त्यांचा व्यक्तिगत दोष नव्हे. पदवी घराबाहेरून मिळत होती, तोवर घरात केलेली कोणतीही व्यवस्था टिकणारी नव्हती. त्यांनी मिळवलेले राज्य मोठे होते. पण ते पुढे कसे जावे, याचा नियम मात्र त्यांना मिळवता आला नाही. या दृष्टीने पाहिल्यास त्यांचे चरित्र एका पुरुषाचे न राहता एका व्यवस्थेचे चरित्र ठरते.

शब्दार्थ

चौथाई – परमुलुखाच्या महसुलाचा चौथा हिस्सा.
सनद – अधिकार किंवा उत्पन्न बहाल करणारा राजलेख.
सरंजाम – फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला मुलूख.
नजराणा – सनद किंवा मान मिळताना धन्यास द्यावयाची रक्कम.
नेमणूक – निर्वाहासाठी ठरवून दिलेली वार्षिक रक्कम.
खालसा करणे – संस्थान सरकारच्या प्रत्यक्ष अमलाखाली आणणे.

स्वाध्याय

१. कान्होजी आणि रघूजी यांच्यातील तंट्याची कारणे तुमच्या शब्दांत लिहा.
२. देवगडच्या गोंड राजघराण्याशी रघूजींचे संबंध कसे बदलत गेले, ते स्पष्ट करा.
३. वतन आणि सरंजाम यांतील भेद सांगून, त्याचा भोसले घराण्यातील वारसातंट्याशी असलेला संबंध उलगडा.
४. बारगीर आणि बर्गी या शब्दांच्या अर्थच्छटांची तुलना करा.
५. या घटकात परंपरेने सांगितलेल्या कथा कोणत्या आणि इतिहासाने मान्य केलेल्या घटना कोणत्या, याची दोन स्तंभांत यादी करा.
६. उपक्रम : तुमच्या गावातील तलाव, गढी किंवा देवस्थान कोणाच्या काळात बांधले गेले, याविषयी गावातील जाणत्या व्यक्तींशी बोलून दोन पृष्ठांचे टिपण तयार करा.